चुन्याची पोती आणि भास्करभाऊंचा स्विमिंग पूल

"ताई, पाणी हिरवं झालं. पार शेवाळलं. अन् पोरीची हळद तर रविवारी हाय."

भास्करभाऊंचा फोन आला तेव्हा मी बेला गावाच्या पुढे एका खेड्यात आरओ प्लांट उघडून बसले होते. हात ओले, फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबलेला.

"पंप चालू आहे ना?" मी विचारलं.

तिकडे त्यांनी घसा खाकरला.

"भाऊ, पंप?"

"पंप बंद केला दिवाळी झाल्यावर. थंडीत कोण पोहून राह्यलं ताई? काऊन उगाच फिरवायचा?"

मी डोळे मिटून घेतले. दिवाळीआधी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगितलं होतं, की हिवाळ्यात पूल बंद करायचा नसतो, त्याचं काम कमी करायचं असतं. तेव्हाही ते "हो हो" म्हणाले होते.

मी पाण्याची कामं करते. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं, काही वर्षं हैदराबादला एका वॉटर ट्रीटमेंट कंपनीत काढली आणि मग आदिलाबादला परत आले. गावोगावचे आरओ प्लांट हे माझं मुख्य काम. स्विमिंग पूल माझ्याकडे मोजकेच. एक हॉटेलचा, एक शाळेचा, आणि घरगुती म्हणावा असा एकच, भास्करभाऊंचा. त्यांची जिनिंग मिल आहे. मिलच्या मागे नवीन घर बांधलं आणि घरामागे पूल. आमच्याकडे पूल म्हटलं की लोकांना आधी नदीवरचा आठवतो, म्हणून घरातले सगळे त्याला 'टाकं' म्हणतात.

आता हिवाळ्याचं गणित सांगते. आदिलाबादची थंडी तेलंगणात नाव काढून आहे. थंड पाण्यात शेवाळ हळू वाढतं, आणि पाणी शुद्ध ठेवणारं क्लोरीनही हळू संपतं. म्हणजे औषध कमी लागतं. पण पाणी थांबलं की संपलं. पंप रोज थोडा वेळ तरी फिरवायचा, म्हणजे पाणी फिल्टरमधून जातं. पानं काढायची. आठवड्यातून एकदा पीएच बघायचा. पीएच म्हणजे पाणी आंबट आहे की कडवट, म्हणजे आम्ल की अल्कली, त्याचं माप. बस, एवढंच.

भास्करभाऊंच्या पूलला एक जादा दुखणं आहे. कापसाचा सीझन ऐन हिवाळ्यात. मिल चालू झाली की रुई उडते आणि पाण्यावर साय धरल्यासारखी बसते. काठाला कचरा ओढून घेणारी एक जाळी असते, तिला स्किमर म्हणतात. पंप बंद म्हणजे स्किमर बंद. रुई भिजते, खाली बसते, सडते. त्याच खतावर शेवाळ पोसलं होतं.

मी पोचले तेव्हा पाणी पालकाच्या भाजीसारखं दिसत होतं. काठावर भास्करभाऊ, आणि शेजारी त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी आधीच येऊन राहिलेले तिचे मामा, दत्तूमामा.

"हळद बाथरूमच्या नळाखाली करा की," मी म्हणाले. वैताग लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"नाई ना ताई. दोन्हीकडची हळद एकत्र हाय. टाक्याच्या काठावर. डेकोरेटरनं मुलाकडच्यांना फोटो पाठवले. आता कसं नाई म्हणू?"

म्हणजे आता ती अडचण माझी होती.

मग काम सुरू केलं. जाळीने पानं आणि रुईचे लगदे काढले. भिंती ब्रशने घासल्या. क्लोरीनचा मोठा डोस दिला. पंप सतत चालू ठेवला. शेवाळ मेलं, पाणी हिरव्याचं राखाडी झालं. मग तुरटी. तुरटीने घाण एकत्र येते आणि तळाला बसते, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तळाला बसलेलं व्हॅक्यूमने ओढून बाहेर टाकलं. शनिवारी दुपारपर्यंत पाणी नितळ झालं. पीएच बरोबर होता. मी पाईप गुंडाळत होते तेवढ्यात दत्तूमामा आले.

"ताई, अजून झळाळी नाई आली."

"मामा, पाणी आहे, भांडं नाही."

"आमच्या गावच्या विहिरीत आमी चुना टाकतो. आरशासारखं होते पाणी. कंपाउंडच्या भिंतीला आणलेला चुना पडला हाय बाहेर, पोतीच्या पोती."

मी हातातलं काम थांबवलं. या माणसाशी नीट, पूर्ण बोलायला हवं होतं.

"मामा, विहिरीचं पाणी रोज उपसलं जातं, नवीन झिरपतं. इथे तेच पाणी फिरत राहतं. चुना टाकला तर पीएच वर जाईल. अंगाची आग होईल, डोळ्यांना इजा होईल. काही टाकायचं नाही. काहीही नाही. कळलं?"

"बरोबर हाय ताई," मामा म्हणाले.

इतक्या वर्षांत मला कळलंय, की माणूस वाद न घालता 'बरोबर हाय ताई' म्हणाला की तो आपल्याला वाटेल तेच करणार असतो. म्हणून मी भास्करभाऊंनाही जाऊन सांगितलं. ते मंडपवाल्याशी भांडत होते. हाताने 'हो, हो' केलं.

रविवारी मला जेवणाचं आमंत्रण होतं. तरी मी पाहुणी म्हणून जाताना पिशवीत टेस्ट किट टाकली. गेटातून आत शिरताच पूल दिसला. चमकत होता. खरंच आरशासारखा. वर झेंडूची फुलं तरंगत होती. आणि तळाला पांढरा थर, पीठ चाळल्यासारखा.

मी काठावर बसून बाटलीत पाणी घेतलं आणि किटमधले थेंब टाकले. पाणी ठीक असेल तर हे थेंब नारिंगी-लालसर होतात. माझ्या बाटलीत सरळ जांभळा रंग आला. किटवरच्या रंगांच्या पट्टीत तो रंगच नव्हता.

"किती पोती?" मी दत्तूमामांना विचारलं.

"दोनच टाकली. अन् बघा तुमी, कसं झालं!"

ते खूश होते. मला त्यांच्यावर ओरडावं की तिथेच खाली बसावं, ते कळेना. मी भास्करभाऊंना बाजूला घेतलं.

"भाऊ, या पाण्यात कोणी हात घालायचा नाही. आत्ता ॲसिड टाकून पीएच थोडा उतरवता येईल, पण त्याला वेळ लागेल. मला दुपारपर्यंत वेळ द्या."

"ॲसिड? पाहुणे येऊन राह्यले ताई! वास सुटंन. अन् पाण्यात उतरते कोण? एवढी थंडी हाय. फुलं सोडली, फोटो काढायचे, झालं."

"मग निदान दोरी बांधा चारी बाजूंनी."

डेकोरेटर मधे पडला. "मॅडम, ऊपर से ड्रोन में रस्सी अच्छी नहीं दिखेगी." शेवटी दोरीच्या जागी झेंडूची माळ लावली. माळ बघून थांबणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मुलाकडची मंडळी मुधोळहून आली. मुलगा सुमित, त्याचे चुलतभाऊ आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्या, सुभद्राबाई. त्यांना विचारल्याशिवाय त्या घरात पान हलत नाही, हे त्या गाडीतून उतरल्या तेव्हाच कळलं. मुलगी पल्लवी बेल्लमपल्लीच्या शाळेत शिकवते. पिवळी साडी नेसून ती पाटावर बसली, सुमित शेजारच्या पाटावर. मी काठाजवळ खुर्ची ओढून राखण करत बसले. येईल त्याला सांगत होते, "मागे व्हा. पाण्याला हात लावू नका." लोक माझ्याकडे बघत होते, की या बाईला कोणी बोलावलं.

बायकांनी हळद लावली, गाणी झाली. मग डीजे लागला आणि पोरांनी हळदीची अख्खी पातेली एकमेकांवर ओतायला सुरुवात केली. मी उठून ओरडले, "तिकडे! तिकडे खेळा!" त्या आवाजात माझंच मला ऐकू आलं नाही. दोघा चुलतभावांनी सुमितला पाटासकट उचललं. तो हसत होता, हातपाय झाडत होता. माळ तुटली आणि तिघंही धपकन पाण्यात.

पाणी छातीइतकंच होतं. बुडायची भीती नव्हती. पण त्यांच्या पायांनी तळाचा चुना ढवळला, अंगावरची हळद सुटली, आणि पाणी लाल झालं. आधी पायांपाशी, मग ढग पसरावा तसं सगळीकडे. गडद, तांबडं लाल.

एक बाई किंचाळली. मग सगळ्याच. पाण्यातल्या पोरांना काहीच समजेना, ते स्वतःच्या अंगावर जखमा शोधू लागले. सुमितने डोळे चोळले, आणि तो कळवळून ओरडला.

तेव्हा पल्लवी उठली. तिच्या वर्गात पोरं कशी वागत असतील ते मला त्या क्षणी कळलं. "डीजे बंद! तिघं बाहेर! पायऱ्यांकडून! डोळ्यांना हात नाई लावायचा!" एका दमात. डीजे बंद झाला. तिघं बाहेर आले.

मी पाण्याचे कॅन ओढले, जेवणाच्या टेबलाशी ठेवलेले. सुमितला आडवं केलं, पल्लवीने त्याच्या पापण्या उघड्या धरल्या आणि मी धार सोडली. चुना डोळ्यांत गेला की एकच उपाय, साधं स्वच्छ पाणी, भरपूर, थांबायचं नाही. पण सल्ले सुरू झाले होते.

"दूध घाला डोळ्यांत."

"लिंबू पिळा, चुना मरते."

"कोणी लिंबू आणलं तर मी त्याच्याच डोळ्यांत पिळेन," मी म्हणाले. सल्ले थांबले. बाकीच्या दोघांनाही आळीपाळीने धुतलं. मग सुभद्राबाई पुढे आल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली.

"हळदीच्या दिवशी नवरदेव पाण्यात पडला, अन् पाणी रक्तासारखं झालं. मी माझ्या पोराचं लग्न असं नाई करत. गाड्या काढा."

पल्लवीच्या आईने तोंडाला पदर लावला. भास्करभाऊ हात जोडून उभे. दत्तूमामा कुठे दिसेनात. सुमित डोळे मिटून म्हणत होता, "आत्या, थांब ना," पण तो आडवा, ओला, थंडीने कुडकुडत. त्याचं कोण ऐकणार?

मला केमिस्ट्री सांगायची होती. वाक्य मनात जुळवत होते, एवढ्यात माझं लक्ष आत्याबाईंच्या कमरेला खोचलेल्या पानाच्या चंचीकडे गेलं.

"आत्या, चुना द्या जरासा," मी म्हणाले.

"आता पान खाता का तुमी?"

"द्या तर."

त्यांनी चंचीतून डबी दिली. मी पल्लवीच्या गालावरची हळद बोटाने घेतली, आत्याबाईंच्याच तळहातावर ठेवली, त्यावर चुना, आणि चोळलं. तळहात लाल झाला.

त्यांनी हाताकडे बघितलं. मग पाण्याकडे.

"हे तर मुक्या मारावर लावतो तो लेप," त्या म्हणाल्या. "पाय मुरगळला की आमी हेच लावतो. अन् तुमी टाकं भरून केला बाप्पा! कोणी केलं हे?"

तेवढ्यात दत्तूमामा मंडपाच्या खांबाआडून दिसले. आत्याबाईंनी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या रागात अपशकुनाचा विषय बुडाला, हे मात्र खरं. गाड्या निघाल्या, पण तिघांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला. डॉक्टरांनी थेंब दिले आणि वेळेवर धुतलं म्हणून निभावलं, असं सांगितलं. बोअरच्या पाण्याने नवरा-नवरीची आंघोळ झाली आणि ठरलेल्या मुहूर्तावर लग्न लागलं. फोटोत नवरदेवाने काळा चष्मा घातलाय. लोकांना ती स्टाइल वाटली.

माझं काम त्यानंतर सुरू झालं. भास्करभाऊ म्हणाले, "सगळं पाणी काढून टाका ना." मी सांगितलं, नाही. एक तर ते पाणी बागेत सोडलं तर बाग जाईल. दुसरं, आपली काळी माती पावसाळ्याचं पाणी हिवाळाभर धरून ठेवते. रिकाम्या पूलला ती बाहेरून दाबते, भिंतीला तडे जातात. मग रोज थोडं थोडं ॲसिड, रोज टेस्ट. फिल्टरमधली वाळू चुन्याने दगड झाली होती, ती फोडून बदलली. टाइल्सवर पांढऱ्या रेघा राहिल्या त्या राहिल्याच. त्या बघून भास्करभाऊ मला म्हणाले, "ताई, ह्या तुमच्या ॲसिडनं पडल्या का?"

मी पंपाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पल्लवीच्या आईकडे दिली. घरात तेवढ्या एकीनेच मला कधी सल्ला दिला नव्हता.

हिवाळ्यात पूल सांभाळणं अवघड नाही. पाणी थंड असतं, शेवाळ झोपलेलं असतं, औषध कमी लागतं. आपण थोडं करायचं आणि बाकी काही करायचं नाही. यातला दुसरा भाग लोकांना जमत नाही, आणि माझा धंदा त्यावरच चालतो.