गुलाबी युनिफॉर्ममधली ती

जर्सी सिटीतल्या आमच्या घराजवळच्या डायनरमध्ये वेटर जुनी इंग्लिश गाणी गात गात वाढतात. त्यातली ती चाळिशीची, सावळी. केचपची बाटली माइकसारखी धरून बाकावर चढायची आणि गाणं न तोडता कॉफी ओतायची. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नावसुद्धा डायनरनंच दिलेलं. मला ती ‘हनी’ म्हणायची. त्यापलीकडे ओळख नव्हती.

एका रविवारी मी फोनवर आईशी बोलत होते, तेव्हा ती टेबलापाशी थबकली.

“इज दॅट मराठी?”

तिची आई मराठी होती आणि ही लहान असतानाच वारली होती. आईच्या अंगाईची चाल तेवढी आठवत होती, शब्द विसरले होते. तिनं ती चाल गुणगुणून दाखवली. एरवी डायनर दणाणून सोडणारा आवाज जेमतेम माझ्यापर्यंत पोचत होता.

मी फोन स्पीकरवर टाकला. साताऱ्यात बसलेल्या माझ्या आईनं चाल लगेच ओळखली आणि अख्खी अंगाई म्हटली. ही नुसतेच ओठ हलवत राहिली. शब्द काही पकडता येईनात.

शेवटी आईनं तिला विचारलं, “जेवलीस का गं, बाळा?”

मी तिला इंग्लिशमध्ये अर्थ सांगणार, तोवर ती फोनवर वाकली होती.

“नाही गं, आई.”