नीटनेटके पूरग्रस्त

आमच्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला सगळे कंगवा म्हणत. डोक्यावर एकही केस नसलेला हा गृहस्थ कॅमेऱ्याच्या पिशवीत कंगवा आणि छोटा आरसा बाळगायचा, तो इतरांसाठी. आग लागो की पूल पडो, हा आधी माणसाशेजारी बसणार, सगळं ऐकून घेणार, मग आरसा पुढे करून विचारणार, "तुम्हाला कसं दिसायचंय?" फोटो छापून आला की त्याची प्रत त्यांच्या घरी पोचवणार. तोवर बाकीचे फोटोग्राफर ज्वाळा टिपून घरी जेवायला बसलेले असत.

फोटोखालच्या ओळी मी लिहायचो, त्यामुळे शिव्यांतला अर्धा वाटा माझा. संपादक म्हणायचे, हे पूरग्रस्त आहेत की कुणाच्या लग्नाला निघालेत? पण वाचक त्या चेहऱ्यांपाशी थांबतात हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून कुरकुरत का होईना, छापत. कंगवा देवमाणूस होता. देवमाणूस शेजारच्या टेबलावर असला की फार छळतो.

नदीचं पाणी वस्तीत शिरलं तेव्हा त्याने एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोटो काढला. घर वाहून गेलं होतं, मशीनही. बाईंनी केस विंचरले, अंगावरच्या उसन्या कपड्याची उसवलेली शिवण तिथल्या तिथे टाचली आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिलं. मी खाली लिहिलं, 'घर गेलं, उमेद नाही गेली.' स्वतःवरच खूश होऊन चहा प्यालो.

तो अंक मदत कार्यालयातल्या साहेबांनी वाचला. बेघरांना खोल्या देण्याची यादी त्यांच्या हातात. ही बाई चांगली सावरलेली दिसते, गरजूंना आधी, असं म्हणून त्यांनी बाईंचं नाव खोडलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. बाई आणि त्यांची म्हातारी सासू शाळेच्या व्हरांड्यात राहत होत्या आणि आठ दिवसांत शाळा उघडणार होती.

कंगव्याने साहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. साहेबांचं एकच, छापून आलंय ना? मग तो कॅमेरा घेऊन व्हरांड्यात गेला. मीही गेलो, कारण ओळ माझी होती. त्याने बाईंना सगळं समजावलं, केस सोडायला लावले, कोपऱ्यात जमिनीवर बसवलं. त्यांना रडू येईना. तेव्हा त्याने वाहून गेलेल्या मशीनबद्दल विचारलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

फोटो पहिल्या पानावर आला. आठवड्यात खोली मिळाली आणि वर्षअखेरीस कंगव्याला बक्षीस, सव्वीस वर्षांतलं पहिलं. संपादक म्हणाले, शेवटी शिकला एकदाचा.

बक्षिसाच्या बऱ्याच आधी, प्रत द्यायला आम्ही नव्या खोलीवर गेलो होतो. बाईंनी पाणी दिलं, मनापासून आभार मानले. उसन्या मशीनशेजारी कपड्यांचा कमरेएवढा ढीग होता. कंगव्याचा चेहरा उजळला. काम जोरात दिसतंय, म्हणाला.

"हे शिवायला नाही आलेलं, भाऊ," बाई म्हणाल्या. "फोटो बघून लोक मला घालायला आणून देतात. शिवायला कुणीच देत नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मी अजून शिवते, एवढं छापाल का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, यात बातमी काय आहे?