याच्याहून गडद

आमच्या गल्लीतले रंगारी दत्तूमामा निवडणूक आली की पक्षांची भगवी उपरणी रंगवतात. काल ते सांगत होते, "एका पक्षाची माणसं दुसऱ्या पक्षाचं उपरणं नमुना म्हणून आणतात. म्हणतात, मतं तिकडं चाललीत, आमचं याच्याहून गडद करा."

फिका रंग मागायला कुणी परत येतच नाही. पूर्वी तोच पुरायचा, आम्हालाही.

"अजून किती गडद होईल, मामा?"

"आता रंग वाढवला तर भगवा राहणार नाही. लाल होईल."

तेवढ्यात ओळखीचा एक कार्यकर्ता हसतमुखाने आत आला. हातात समोरच्या पक्षाचं सगळ्यात गडद उपरणं. "मामा, याच्याहून गडद."

मामांनी हंड्यात रंग ओतला. संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या दारांवरून जाणारं गटार लाल वाहत होतं.