डावा पाय

कोलकात्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर बँकेतला एक मराठी साहेब राहतो. मला आजी म्हणतो, पण ऐकत नाही. हावड्याहून येताना त्याची ती म्हशीएवढी मोटारसायकल अंगावर पडली आणि डावी मांडी मोडली. सात महिने तो रोज सकाळी गाडी पुसायचा, फडकं रुमालासारखं घडी करून खिशात ठेवायचा. पुन्हा चालवणार का विचारलं की म्हणायचा, "बघू, बघू."

गेल्या आठवड्यात तो गाडीवरून आवारात चकरा मारू लागला. मी वर बाल्कनीत पालक निवडत होते. थांबताना तो दर वेळी गाडी उजवीकडे कलवून उजवाच पाय टेकायचा.

मी वरून ओरडले, "डावा काय शोभेला ठेवलायस?"

"आजी, तो भार धरेल असं वाटत नाही."

"मग विकून टाक गाडी. रस्ता काय तुझा पाय बघून कलणार आहे?"

पुढच्या चकरेला तो फाटकापाशी थांबला आणि डावा पाय टेकला. गाडी कलली, तशी माझ्या हातातली जुडी खाली आवारात पडली. पण पाय टिकला.

त्यानं वर बघितलं.

"बघितलं," मी म्हटलं. "आता ती जुडी वर आणून दे. लिफ्टनं नको, जिन्यानं."