पुढचं दार

हरिबा चौतीस वर्षं स्टेशनात झाडू मारून निवृत्त झाला, पण समोरच्या दारानं तो एकदाही आत गेला नव्हता. निजामाच्या काळात ही इमारत बांधणाऱ्यानं माणसांची प्रतवारी दगडातच करून ठेवली होती. पुढं कमानी, सात पायऱ्या आणि आत साहेबलोकांची खोली: उंच छत, आरामखुर्च्या, आरसा. तिसऱ्या वर्गासाठी बाजूला नुसती पत्र्याची शेड, तिला कोंडवाड्यासारखे लोखंडी कठडे, आणि जायला-यायला मुतारीला लागून एक घाणेरडा बोळ. तिसरा वर्ग कागदावरून कधीच गेला. शेड मात्र राहिली, आणि तिच्यात बसणारी माणसंही तीच राहिली.

त्या सात पायऱ्या हरिबा रोज पुसायचा. स्वतः आत शिरायचा तो मागच्या दारानं, चपला बाहेर काढून. तसा हुकूमच होता.

यंदा इमारतीला रंग दिला आणि जुना माणूस म्हणून हरिबाचा सत्कार ठरला. त्यानं धोतराला नीळ दिली. बायकोला, चतुराबाईला, म्हणाला, "आज पुढून जानार हाय मी. तू बी चल."

दोघं पोचले तेव्हा पायऱ्यांवर पुढाऱ्यांचे फोटो चालले होते. बिल्ला लावलेल्या एकानं हात आडवा घातला. "बाबा, तुम्ही मागून या. इथं गर्दी नको."

चतुराबाईला त्या बिल्लेवाल्यानं शेडमध्ये पिटाळलं. तिथं ऊसतोडीला निघालेली बायामाणसं बोचकी घेऊन तापल्या पत्र्याखाली बसली होती. हरिबा मागून आत गेला. आत पंख्याखाली पुढारी सांगत होते, आता लहान-मोठं कुणी उरलं नाही. ऐकून हरिबानं तोंड फिरवलं.

खांद्यावर शाल पडली, नारळ हातात आला. "आता हरिबा पुढच्या दारानं मानानं बाहेर पडतील," माईकवरून कुणीतरी मोठेपणा दाखवला. फोटोवाला धावत पायऱ्यांवर गेला.

हरिबानं खाली पाहिलं. पाय उघडे होते. मागच्या दाराशी चपला कधी काढल्या, त्याचं त्यालाच आठवेना. आज तर कुणी सांगितलंही नव्हतं. या लोकांची किळस त्याला आलीच होती. आता स्वतःच्या पायांची आली. पुढाऱ्यांच्या बुटांच्या रांगेतून अनवाणी जायला त्याचं मन धजेना. तो मागं वळला.

चपला घालून तो शेडकडच्या बोळातून येताना चतुराबाईनं त्याला पाहिलं. "कावून मागून आलात? माईकवर तर पुढून येनार म्हनले न्हवं?"

"चपला मागं होत्या," हरिबा म्हणाला आणि गटारात थुंकला.