पोकळीबाई आणि बाबांचा गीझर

कामाच्या ठिकाणी तिला सगळे पोकळीबाई म्हणत. तिला त्याचा राग येत नसे, खोटं काय होतं त्यात? दिवसभर ती स्टीलच्या एका पिंपापुढे बसे. आतली हवा पंपाने उपसलेली, म्हणजे नुसती पोकळी, तळाशी थंडगार चांदीची चकती, चकतीवर पोर्फिरिन नावाच्या रेणूंचा एकच थर. हे रेणू कड्यासारखे आणि प्रत्येकाच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. आत किंचित वायू सोडायचा आणि कोण कुठे बसतं ते पडद्यावर बघायचं, हा तिचा उद्योग. कार्बन मोनॉक्साइड तर भलताच आगाऊ. लोखंडावर एकदा ठाण मांडलं की चकती तापवल्याशिवाय उठायचं नाव नको. आपल्या रक्तातही असंच कडं नि असंच लोखंड असतं, ऑक्सिजन वाहून नेणारं, हे ती बाबांना जेवताना इतक्यांदा सांगे की ते ताट घेऊन टीव्हीपुढे जात.

बाबा शिंपी होते. आता एकटेच राहत, तिच्या कामाच्या ठिकाणामागच्याच गल्लीत. थंडी पडल्यापासून त्यांचं डोकं दुखत होतं आणि चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं सांगून ती मोकळी झाली होती.

त्या सकाळी फोनवर पुन्हा तीच रड. आंघोळ केली की डोकं गरगरतं, बाहेर फिरून आलं की उतरतं. ऐकता ऐकता ती पडद्याकडे बघत होती. लोखंडाच्या जागा कार्बन मोनॉक्साइडने एकेक करून भरत चालल्या होत्या. तिला त्यांचा गॅसचा गीझर आठवला.

"बाबा, बाथरूमचा झरोका उघडा आहे ना?"

"गार वारा येतो गं. जाड गादी शिवून बसवलीय. एक फट सापडायची नाही तुला. चल, पाणी लावलंय."

फोन बंद. गीझर आतच होता, आणि कोंडलेल्या जागेत गॅस जळला की तोच वायू साठतो. तिने पुन्हा लावला, वाजत राहिला. चकती तशीच टाकून ती पळत सुटली.

बाथरूमच्या दारावर तिने खांदा मारला तेव्हा कडी निघाली. बाबा टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलेले, शुद्धीत, पण पायांत उठायचं बळ नाही. तिने गीझर बंद केला आणि त्यांना काखेत धरून गॅलरीत ओढलं. दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजन लावल्यावर रंग परतला, आणि रंगाबरोबर तोराही. एवढी सुबक गादी तिने कात्रीने फाडली म्हणून ते दोन दिवस रुसले होते. तिला मात्र स्वतःचीच लाज वाटत होती. त्या वायूची नस न् नस ओळखणारी ती, आणि तो बापाच्या घरात शिरला तरी चष्म्याचं सांगत बसली.

मिस्त्रीने गीझर गॅलरीत हलवला. झरोका उघडा, थंडी आत. बाबा कुरकुरत आंघोळीला गेले आणि ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली.

"बाबा?"

"आहे गं."

पाणी पडल्याचा आवाज येत होता. साबणाचा वासही आला.

"बाबा?"

"अगं, आहे म्हटलं ना. जा तू कामाला."

ती बसूनच राहिली.