घरच्या पाण्याचा नमुना

भूकंपात आमचं गाव गेलं, त्यात वडीलही गेले. लातूरकडच्या माळावर नवं गाव वसलं, एकसारख्या सिमेंटच्या घरांचं. प्यायला खोल बोअरचं पाणी. त्या पाण्यात फ्लोराइड आहे हे कळेपर्यंत आम्हा पोरींचे दात तपकिरी झाले होते आणि मायचे गुडघे आखडायला लागले होते.

मी रसायनशास्त्र घेतलं ते त्यासाठीच. आठवड्याचे चार दिवस लातुरात एका क्लासमध्ये बारावीला शिकवायची, उरलेले दिवस नांदेडच्या प्रयोगशाळेत पीएचडीचं काम. तिथं काचेवर द्रावण पसरून मी कागदाएवढा पातळ, पाणी गाळायचा पडदा बनवायची. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण मिसळायची. फ्लोराइड त्या कणांना चिकटायचं. पडद्याची छिद्रं कोमट पाण्यानं रुंदावायची, अडकलेला गाळ धुऊन निघायचा, आणि गार पाण्यात ती पुन्हा आवळायची. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी स्टुलावर बसून रडले होते.

माझे मार्गदर्शक सर म्हणायचे की घाई करू नकोस, वर्षभर तपासू. मी ऐकलं नाही. एक पडदा गुपचूप नेऊन मायच्या ओट्यावर पाण्याच्या नळीला बसवला. रोज एकदा कोमट पाण्यानं धुवायचा, एवढंच तिला सांगितलं. ती तो देवासारखा जपायची. शेजारची सून गरोदर होती. तिलाही माय रोज तांब्याभर पाणी द्यायला लागली. मला ते कळलं, आणि मी अडवलं नाही. उलट बरं वाटलं.

अडीच महिन्यांनी त्या पाण्याचा नमुना मी नांदेडला नेला. फ्लोराइड जवळपास पहिल्याइतकंच होतं, आणि सोबत माझे कण होते. रोज उघडून-मिटून पडदा सैल पडला होता, कण सुटून पाण्यात उतरत होते. सरांनी आकडे दोनदा पाहिले.

"हे पाणी कुणी प्यायलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावी जाऊन मी नळी काढायला लागले. पाण्यात दोष निघाला, आता हे प्यायचं नाही, असं मायला सांगितलं. ती भिंतीला धरून उठली, माझ्या हाताकडं बघत राहिली.

"मंग आता कोन्तं पिऊ?"

तिनं घागर घेतली आणि बोअरकडं गेली. शेजारच्या सुनेला सांगायचं काम मी तिच्यावरच टाकलं. बाळ धडधाकट झालं म्हणतात. मी बघायला गेले नाही.

प्रबंध मंजूर झाला. त्यात सगळे आकडे प्रयोगशाळेत फ्लोराइड मिसळून केलेल्या पाण्याचे आहेत. मायच्या ओट्यावरचे अडीच महिने त्यात कुठंच नाहीत. सरांना खरं सांगायचं राहून गेलं, मग ते निवृत्त झाले. पुढं मी पडदा केला नाही. पूर्णवेळ क्लासमध्येच शिकवते.

मायला आता उठता येत नाही. तिला मी लातुरात आणलंय, विकतच्या जारचं पाणी पाजते. डॉक्टर म्हणाले, हाडांत उतरलेलं आता निघत नाही. ती कधी त्या पाण्याचा विषय काढत नाही. एकदाच, मी तिचे पाय चोळत असताना म्हणाली, "तुझं पानी चवीला लई गोड होतं, बाई." मी तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.